खुटाळवाडीची अकरा मिनिटं

एम.टेक.च्या दुसऱ्या सत्रात मी मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून समाजशास्त्र घेतलं, तेव्हा आमच्या जलविज्ञान विभागात चार दिवस पुरेल एवढा हशा झाला. धरणं शिकायला आलेली मुलगी आता लोकांच्या चालीरीती शिकायला वरच्या मजल्यावर जाणार, म्हणजे भाकरी बाजूला सारून लोणच्यावर पोट भरायचा प्रकार, असं देवस्थळी सरांचं मत पडलं. सर माझे गाइड. माणूस वाईट नव्हता, पण ज्या गोष्टीला एकक नाही ती त्यांच्या लेखी नव्हतीच. मायनर का घेतला याचं खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. नव्या नियमाप्रमाणे मुकादमाच्या कागदांवर सही करायला अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी आणि मानव्यशाखेतला मायनर, दोन्ही लागायचं. मला ती नोकरी हवी होती. पुढं त्या विषयाची गोडी लागली, ती गोष्ट वेगळी.

मुकादम म्हणजे काय, ते आधी सांगते. पूर्वी पावसाळ्यात धरण मुद्दाम थोडं रिकामं ठेवत. पूर आलाच तर त्या रिकाम्या जागेत मावावा, हा हिशेब. पूर आला नाही तर ती जागा तशीच राहायची आणि एप्रिलात टँकर धावायचे. मग निंबाई धरणावर हे यंत्र बसवलं. वरच्या डोंगरात मातीत पुरलेले हजारभर संवेदक, ढग मोजणारं रडार आणि नदीच्या तळाचा इंचाइंचाचा नकाशा, या सगळ्यांवरून कुठलं पाणी कुठं किती वाजता पोचेल, हे त्याला मिनिटावर कळायचं. दरवाजे तेच उघडायचं आणि भोंगेही तेच वाजवायचं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण धरणावरचे जुने कामगार त्याला मुकादम म्हणायचे आणि तेच रुळलं.

पाण्याचं त्याला सगळं कळत होतं, माणसांचं काहीच कळत नव्हतं. भोंगा झाल्यावर एखादं गाव किती वेळात उठून उंचावर जातं, हे ठाऊक असेल तर पाणी शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवता येतं आणि धरण काठोकाठ भरता येतं. ही माझी कल्पना. त्या वेळेला मी निर्गमन काळ असं भारदस्त नाव दिलं आणि मायनरचा प्रकल्प म्हणून सादर केलं. सर पहिल्यांदाच खूश झाले, कारण त्याला एकक होतं.

सर्वेक्षणासाठी मी माझंच गाव निवडलं. खुटाळवाडी, नदीकाठची एक्केचाळीस घरं, मागं चढण आणि चढणीवर माळ. गावातल्या लेकीला लोक खरं सांगतील, असा माझा हिशेब होता. मी घरोघर गेले, ओसरीवर बसले, चहा प्याले आणि विचारलं की भोंगा वाजल्यापासून माळावर पोचायला तुम्हाला किती वेळ लागेल. कुणी दहा म्हणालं, कुणी बारा. सरासरी अकरा मिनिटं आली. आकडे एकमेकांना इतके चिकटलेले होते, की इतका स्वच्छ विदा, म्हणजे डेटा, आपण प्रयोगशाळेतही पाहिला नाही, असं सर म्हणाले. तिथंच मला शंका यायला हवी होती. एक्केचाळीस घरं जिथं ग्रामसभा किती वाजता भरली यावरही एकमत करत नाहीत, तिथं अकरा मिनिटांवर बरं एकमत झालं. पण मी तेव्हा अंगावर मूठभर मांस चढवून घेत होते.

नदीकाठच्या बाकीच्या त्रेचाळीस गावांत कुणी गेलंच नाही. खुटाळवाडीची अकरा मिनिटं धरून, चढण किती आणि म्हातारी माणसं किती ते बघून, त्यांचे आकडे गणितानं काढले. मुकादमाच्या पोटात ते मगदूम गुणांक म्हणून बसले. मी कस्तुरी मगदूम. गावानं माझ्या नावाचा फलक लावला, त्यात माझ्यापेक्षा तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो मोठा होता.

प्रबंधाला एक परिशिष्ट क होतं, तेही इथं सांगून टाकते. महादेवाच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला पुराचं पाणी लागलं, की आमच्या गावात घरटी एक बाई नदीची ओटी भरते. नारळ, खण, हळदकुंकू, मूठभर तांदूळ. लेक माहेरी आलीय, ओटी भरून तिची पाठवणी करायची, म्हणजे ती मागं फिरते. लहानपणी मी हे पाहिलं होतं. मायनरच्या मॅडमनी विचारलं होतं, की भोंगा झाल्यावरही बायका हे करतात का. मी लिहिलं, ही प्रथा आता केवळ प्रतीकापुरती उरली आहे. हे वाक्य मी हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहिलं. विचारलं कुणालाच नव्हतं. ओटीला एकक नव्हतं आणि सर हसले असते. मुकादमाला परिशिष्टं वाचायला शिकवलेलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं पाऊस बेताचाच झाला. धरण भरलं, टँकर बंद झाले, मी सही करणारी अभियंता म्हणून धरणावरच्या नियंत्रण कक्षात बसू लागले. देवस्थळी सर निवृत्तीनंतर तिथंच प्रमुख म्हणून आले. तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात मात्र पावसानं ठाण मांडलं. धरण सत्त्याण्णव टक्के भरलं आणि मुकादम शांतपणे पाणी धरून बसला.

त्यातल्या एका रविवारी मी जेवायला गावी गेले. जेवण नेहमीप्रमाणे शेजारी, हौसाकाकूंकडं. मी तिसरीत असताना आई गेली. तेव्हापासून दहावीपर्यंत माझ्या वेण्या हौसाकाकूंनी घातल्या, आणि ओढून घातल्या. बहात्तराव्या वर्षीही त्यांचा हात तसाच होता आणि जीभही. ताटात खर्डा वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पास झालीस नव्हं आमच्यामुळं? आता सायबीणबाई झालीस तरी खर्डा हिरव्या मिरचीचाच खायचा."

तुमच्यामुळं कशी, असं मी हसतच विचारलं.

"अगं, तू वही घेऊन आलतीस की. तात्या आदल्या दिशी घरोघर फिरला. म्हणला, पोरीची परीक्षा हाय, कुणी लांबड लावू नका, धा-बारा मिंटं म्हणून सांगा. मग आम्ही सांगितलं. पोरीचं मार्क कशाला घालवायचं?"

घास तसाच हातात राहिला. खरं किती वेळ लागतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी मोजलंय. मग मी घड्याळ काढलं आणि काकूंना म्हटलं, आता भोंगा वाजलाय असं समजा आणि करा काय करायचं ते. त्यांना खेळच वाटला. म्हशी सोडून वरच्या बोळात हाकलल्या, ट्रंकेतून खण काढला, नारळ घेतला, पाय धुतले. बोळातल्या चार बायकांना हाका मारल्या, कारण एकटीनं ओटी भरायची नसते. मग सगळ्या हसत हसत नदीकडं, खाली निघाल्या. मी मागून घड्याळ आणि वही धरून. गावातली सगळ्यांत वयस्क बाई ओटीला पहिली उतरते आणि शेवटी निघते, तो मान काकूंचा. माळावर पोचून त्या धापा टाकत बसल्या तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती.

भोंगा झाल्यावर वर जायचं सोडून खाली का जाता, असं मी विचारलं. माझा आवाज चढलेला असावा.

"भोंगा झाला म्हंजी लेक दारात आलीया," काकू म्हणाल्या, "आणि तिची ओटी न भरता दार ओढून माळावर जाऊ व्हय?"

घरी येऊन मी तात्यांना धारेवर धरलं. त्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. वशिला नाही, ओळखपाळख नाही, मग गावानं लेकीसाठी एवढंही करू नये का, असा त्यांचा उलटा सवाल. मी म्हटलं की ती परीक्षा नव्हती, त्या आकड्यावर दरवाजे उघडतात. तात्या म्हणाले, तू आम्हाला तसं कुठं सांगितलं होतंस. ते खरं होतं. विदा शुद्ध राहावा म्हणून मी मुद्दामच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. आकडा बदलायचा तर अर्जावर माझी सही पुरेशी होती. पण अर्जात आधीचं सर्वेक्षण सदोष होतं असं लिहून द्यावं लागे. तसं लिहिलं की विद्यापीठ मायनर रद्द करणार, मायनर गेला की नोकरी जाणार, आणि सरकारी सर्वेक्षणात ढवळाढवळ केली म्हणून तात्यांनाही बोलावणं येणार. शिवाय खुटाळवाडीचा पाया निघाला की चव्वेचाळीस गावांचे आकडे कोसळणार. मग मुकादम जुन्या पद्धतीवर जाऊन त्याच दिवशी पाणी सोडायला लागणार आणि नदीकाठचा ऊस आठवडाभर पाण्याखाली बसणार. सरांनी हे सगळं शांतपणे, आवाज न चढवता समजावलं.

"एका म्हातारीची एक फेरी म्हणजे विदा नव्हे, कस्तुरी. तो किस्सा झाला," ते म्हणाले. "गुरुवारपासून पाऊस ओसरतोय. मग रीतसर नव्यानं सर्वेक्षण कर, मी स्वतः येतो."

त्यांचं गणित बरोबर होतं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. वरच्या मजल्यावर दुसरंही काही शिकवलं होतं, की एकच माणूस खरं सांगत असेल तर आधी त्याचं ऐकावं. ते मी त्या दिवशी आठवलं नाही, किंवा आठवायचं टाळलं. मी अर्ज भरला, खुटाळवाडीसमोर बावन्न लिहिलं आणि न पाठवता मसुदा म्हणून ठेवून दिला. ही माझी चूक. ती सरांची नाही आणि यंत्राचीही नाही.

मंगळवारी सकाळी अकराला वरच्या डोंगरात ढग फुटला. अकरा वाजून सात मिनिटांनी मुकादमानं पडद्यावर आपलं वेळापत्रक मांडलं. खुटाळवाडीला भोंगा आत्ता, पाणी साडेसोळा मिनिटांनी. अकराची नियमाप्रमाणे दीडपट. भोंगा वाजलासुद्धा. मी मसुदा उघडला आणि पाठवला. मुकादमानं दोन सेकंदांत नवं गणित केलं आणि उत्तर दिलं, की धरणाच्या सुरक्षिततेसाठी इतका विलंब शक्य नाही, जास्तीत जास्त चार मिनिटं. काल दिला असता तर तोच आकडा त्यानं मान्य केला असता. रात्रीपासून थोडं थोडं पाणी सोडलं असतं आणि भोंग्यानंतर पाणी सव्वा तास धरून ठेवलं असतं. यंत्राला सांगितलं की ते ऐकतं.

मी तात्यांना फोन लावत राहिले, तो लागायला दहा मिनिटं गेली. ते म्हशी घेऊन माळावर पोचले होते, गडी माणसं सगळी पोचली होती. बायका कुठं आहेत, असं मी विचारलं.

"खाली गेल्यात, वटी भराय," ते म्हणाले.

"तात्या, पळा. दहा मिनिटं राहिलीत. काही करून त्यांना वर आणा."

फोन चालू ठेवूनच ते पळाले. चौसष्ट वर्षांचा माणूस उतारावरून पळताना छातीतून जो आवाज येतो, तो मी कानाला लावून ऐकत होते आणि समोर पडद्यावर नदीची निळी रेघ खुटाळवाडीकडं सरकत होती. मग बायकांचे आवाज आले, तात्यांचं ओरडणं आलं, गोंधळ झाला. कोण कुणाला ढकलतंय ते कळत नव्हतं. एकोणचाळीसजणी वर आल्या. त्या चार मिनिटांवर आल्या, असं मला आजही वाटतं. हौसाकाकू आल्या नाहीत. सगळ्यांच्या ओट्या झाल्याशिवाय निघायचं नाही हा त्यांचा मान. त्यांनी तात्यांना म्हणे सांगितलं, की तू हो फुडं, एवढा खण वाहतो आणि आलोच.

त्या दोन दिवसांनी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडल्या. त्यांना न्हाऊ घातलं तेव्हा मी केस विंचरून दिले. त्यांच्यासारखं ओढायला मला जमलं नाही, वेणी सैल झाली.

तीन आठवड्यांनी चौकशी बसली. माझा अर्ज भोंग्यानंतर आलेला, म्हणून घाबरून केलेली नोंद धरून बाजूला ठेवला होता. खरा निर्गमन काळ किती हे ठरवायला लोखंडे नावाच्या अधिकारी बाई गावात येऊन घरोघर विचारणार होत्या. आदल्या दिवशी मी गावी पोचले तेव्हा तात्या घरात नव्हते. दिवेलागणीला आले, पाय धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, सगळ्यांना सांगून आलोय, तू घोर करू नको.

काय सांगून आलात हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं.

"अकरा," तात्या म्हणाले. "हौसा म्हातारी हुती, तिचं तिनंच उशीर केला. झालं. गेलेलं माणूस परत येत न्हाई, तुझी पदवी तरी ऱ्हाईल. आणि ती असती ना, तर तीबी अकराच म्हणली असती."

मला रडू फुटलं ते त्यांच्या शेवटच्या वाक्यानं, कारण ते तंतोतंत खरं होतं. मी त्यांना म्हटलं की आकडा अकरा राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा साडेसोळा मिनिटंच मिळतील, इथंही आणि उरलेल्या त्रेचाळीस गावांतही. तात्यांनी मान डोलावली. त्यांना ते कळत होतं. पुढच्या वर्षी आम्ही ओटी आधीच भरू, असं काहीसं ते पुटपुटले आणि जेवायला वाढायला उठले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी मागून चालत होते, त्यांना घरं दाखवायचं काम माझ्याकडंच होतं. अकरा. दहा. अकरा. बारा. ज्या बायका त्या दिवशी ओल्या लुगड्यांनी चढण चढून आल्या होत्या, त्या माझ्याकडं बघून किंचित हसत आणि अकरा सांगत. बाईंचा चेहरा निवळत चालला. आकडे फार स्वच्छ आहेत, असं त्या मला म्हणाल्यासुद्धा.

चाळिसावं घर हौसाकाकूंचं. त्यांचा मुलगा संपत दारात उभा होता, मुंडण केलेलं डोकं अजून पुरतं भरलेलं नव्हतं. बाईंनी प्रश्न विचारला. संपत पाटीवर लिहिलेलं वाचावं तसं म्हणाला, "अकरा मिंटं. आई म्हातारी हुती. मागं ऱ्हायली." मग माझ्याकडं बघून त्यानं हळूच मान हलवली, काळजी करू नको अशी. लहानपणी त्याची आई माझ्या वेण्या घालायची तेव्हा हा बाजूला आरसा धरून बसायचा.

एक्केचाळिसावं घर आमचं. तात्या उंबऱ्यात उभे होते, नवा सदरा घालून. बाईंनी पेन सावरलं आणि त्यांना विचारलं, की मगदूम, तुमच्या घराला किती वेळ लागतो. तात्यांनी तोंड उघडलं.

"बावन्न मिनिटं," मी म्हणाले.

बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. तुम्ही तर अभियंता ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होय, आणि या घरातली बाईही मीच. आई नाही, म्हणून ओटी मी भरायला हवी होती. घरं एक्केचाळीस, पण ओटीला बायका चाळीसच, कारण हे घर हौसाकाकूच आपल्या ओटीबरोबर उरकत आल्या आहेत. त्या दिवशी त्यांच्या पाटीत दोन खण होते. म्हणून त्या शेवटी राहिल्या.

हे मला कालच दिवसकार्याचं सामान आवरताना बोळातल्या बायकांनी सांगितलं होतं आणि तात्यांना ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्यावर खाली बसले.

"मोजलेलं आहे का हे?" बाईंनी विचारलं. "काही पुरावा?"

मी रविवारच्या नोंदी असलेली वही त्यांच्या हातात दिली. बाकीची चाळीस घरं माझ्या नोकरीसाठी खोटं बोलली आहेत, आधीही आणि आजही, हे मी सांगितलं, आणि त्यांच्यावर काही येऊ नये म्हणून पहिला दोष माझा असं लिहून घ्यायला सांगितलं. बाईंनी वही उघडून वाचली. मग पुन्हा पहिल्या घराकडं जावं लागेल, असं म्हणाल्या.

आम्ही वळलो तेव्हा बोळात सगळं गाव उभं होतं. माझ्याकडं बघून आता कुणी हसलं नाही. माझा रागच आला असेल त्यांना, एवढं केलेलं मी पाण्यात घालवलं. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात करायच्या आधी संपत पुढं आला.

"आमचं घर पुन्हा लिवा," तो म्हणाला. "बावन्न."